'धर' म्हणायच्या आधी

थोरल्या भावाने हात उगारला म्हणून मनीने तो धरला, असं त्या दिवशी घरातले सगळेच म्हणत होते, आणि ज्याच्या पाठीत तो हात पडायचा होता त्या मास्तराला नेमकं तेवढंच मान्य नव्हतं. मनी आधी उठली होती. जेवणाच्या टेबलाखाली ती त्याच्या पायाशी पडून होती, तिच्या बरगड्यांची ऊब त्याच्या घोट्याला लागत होती, आणि सगळे हसत असताना, तोही हसत असताना, ती ऊब एकाएकी गेली. दादाचा हात वर गेला तो त्यानंतर. नेहमीसारखाच गेला, धाकट्याच्या पाठीत प्रेमाची थाप घालायला, आणि खाली यायच्या आत मनी मधे होती. ती भुंकली नाही, गुरगुरली नाही. शिकवल्याप्रमाणे तोंड पूर्ण भरून, कोपराच्या खाली तिने हात धरला आणि धरून ठेवला. खुर्ची उलटली, वहिनीच्या हातातलं पाण्याचं भांडं खाली पडलं, कोणीतरी देवाचं नाव घेतलं. मास्तर 'सोड' म्हणाला. तिने लगेच सोडलं, मागे सरून बसली आणि वर त्याच्या तोंडाकडे पाहू लागली. काम मनासारखं झालं की मैदानावर ती असंच पाहायची. शाबासकीची वाट बघत.

मास्तर हे नाव त्याला मैदानावरच्या लोकांनी दिलेलं. माणसांच्या रक्षणासाठी तो कुत्री तयार करायचा. फाटकामागून जगावर भुंकणारी नव्हे. तसलं हवं असेल तर दुसरीकडे जा, असं तो पहिल्याच भेटीत सांगून मोकळा व्हायचा. त्याच्याकडे येणारी माणसं वेगळी असत. कोर्टाच्या पायऱ्यांवर धमकी मिळालेला वकील, घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून पळत फिरणारं जोडपं, एकट्या राहणाऱ्या बायका. मास्तराचं कुत्रं ऐन वेळेला उभं राहतं, अशी त्याची ख्याती होती. त्याच्या एका गिऱ्हाइकाला गाड्या लावायच्या तळघरात दोघांनी गाठलं होतं. बाईची दातखीळ बसली, तोंडातून शब्द फुटेना, पण कुत्र्याने दोघांनाही भिंतीला लावलं. ही हकिगत मास्तर नव्या गिऱ्हाइकांना आवर्जून सांगायचा आणि वर म्हणायचा, शब्द तुमच्या घशात अडकला तरी माझं कुत्रं अडत नाही. असं का होतं, याचा विचार त्याने कधी केला नव्हता. चांगल्या गोष्टीची चौकशी कशाला करायची?

मनीचं नाव ठेवलं होतं चोराने. चोर म्हणजे मैदानावर अंगात जाड कोट आणि हातावर तागाची बाही चढवून हल्लेखोर होणारा माणूस; बिचाऱ्याला इतकी वर्षं सगळे चोरच म्हणत आल्यामुळे त्याची बायकोसुद्धा फोन करून "चोर आहे का तिथे?" असं विचारायची. पिल्लू असताना ही काळी, मोठ्या डोक्याची कुत्री दुधाची वाटी सोडून हलेना, तेव्हा तो म्हणाला, ही कसली कुत्री, ही तर मनी. नाव चिकटलं. मनी औषधाच्या दुकानाच्या मालकिणीसाठी तयार होत होती. त्या बाईंचा सोडलेला नवरा रोज संध्याकाळी दुकानासमोरच्या फुटपाथवर येऊन उभा राहायचा. करायचा काही नाही, नुसता उभा. नुसतं उभं राहणं हा गुन्हा होत नाही, असं पोलिसांनी तिला सांगितलं होतं. बाई गेले दोन महिने न चुकता मैदानावर येऊन मनीला हाताळायला शिकत होत्या. गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी प्रत्येक कुत्रं शेवटचे काही आठवडे मास्तराच्या घरी राहायचं, म्हणजे त्याला मिक्सरचा आवाज, दारावरची घंटा, धावणारी पोरं आणि जोरात हसणारे पाहुणे यांची सवय व्हावी. आणि त्याचा एक नियम होता, सगळ्यांना ठाऊक असलेला: घरात, हुकमाशिवाय दात लावणाऱ्या कुत्र्याला दुसरी संधी नाही. मागे एका तपकिरी कुत्र्याने नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाची पोटरी धरली, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरकडे टेबलावर त्याचं डोकं मास्तराने स्वतःच्या हातांनी धरून ठेवलं होतं. सुई आत गेली तरी ते त्याचा अंगठा चाटत होतं.

दवाखान्यात टाके घालताना दादा हसतच होता. त्याचं हसणं म्हणजे त्याचा स्वभावच. लोक त्याच्याकडे काम नसलं तरी येऊन बसत. नर्सला त्याने सांगितलं की हे आमच्या भागूबाईचं कुत्रं. मग पन्नाशी उलटलेल्या, केस पांढरे झालेल्या भागूबाईकडे बोट दाखवून त्याने डॉक्टरलाही ती गोष्ट सांगितली, जी तो दुपारी टेबलावर सांगत होता आणि गेली कित्येक वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक सुट्टीत सांगत आला होता. हा सात वर्षांचा असताना कुत्र्याचं पिल्लू दिसलं तरी भिंतीवर चढायचा. एकदा रस्त्यातच चड्डी ओली केली. मग मी काय केलं, शेजाऱ्याचं कुत्रं आणि हा, दोघांना पत्र्याच्या खोलीत कोंडलं आणि बाहेरून कडी लावली. एक अख्खी दुपार. बाहेर आला तो कुत्र्यांचा मास्तर होऊनच आला. डॉक्टर हसला, नर्स हसली, मास्तरही सवयीने हसला. टाके संपल्यावर मात्र दादाने त्याला जरा बाजूला घेतलं. आवाजात राग नव्हता. तो म्हणाला, "हे बघ, तक्रार वगैरे मी करणार नाही, घरातली गोष्ट आहे. पण ते कुत्रं राहता कामा नये. आज माझा हात धरला, उद्या नातीचा गळा धरेल. तुझाच नियम आहे ना?" मास्तराने मान डोलावली. नियम त्याचाच होता.

घरी बायकोने फरशी दोनदा पुसून काढली होती आणि तरी पुन्हा पुसत होती. तिचं म्हणणं साधं होतं. भावजींनी हात उगारला, मुक्या जनावराला थाप कुठली आणि मार कुठला हे काय कळणार? तिचा दोष नाही, पण काय करणार. "तुम्ही डॉक्टरला फोन करा, उद्या दुपारची वेळ घ्या. उगाच जीव अडकवत बसू नका." तो गॅलरीत मनीच्या शेजारी बसून राहिला. थाप आणि मार यांतला फरक मनीला कळत नाही, हे तिला कोणी सांगितलं? त्या फरकावर त्याने आठवडेच्या आठवडे घालवले होते. चोराने येऊन त्याला मिठी मारायची, पाठीत गुद्दा घालायचा, खांद्यावर हात टाकून ओढत न्यायचं, आणि मनीने जांभई देत बघत राहायचं. ती बघत राहायची. दोस्तीचा हात तिला इतका ठाऊक होता की चोर त्याला धपाटे घालायला लागला की ती कंटाळून कूस बदलायची. आणि ती तर हाताच्या आधी उठली होती. हे एक वाक्य तो डोक्यातून काढून टाकू पाहत होता आणि ते पुन्हा पुन्हा येऊन घोट्याला लागत होतं, त्या जागी, जिथून ऊब गेली होती. खालच्या रस्त्यावर कोणीतरी गाडीचं दार आपटलं. मनीने एक कान हलवला आणि पुन्हा पंजांवर डोकं ठेवलं. उद्याचं तिला काही माहीत नव्हतं.

पत्र्याची खोली दादाच्या गोष्टीत होती तशीच होती, फक्त गोष्टीत तिच्या आत कोणीच जात नसे. गोष्ट कडी लागली की थेट कडी निघाल्यावर सुरू व्हायची. आतली दुपार मास्तराने कधी कोणाला सांगितली नाही, कारण सांगण्यासारखं तिच्यात काही घडलंच नव्हतं. भोकांतून येणारे उन्हाचे कवडसे, जुन्या टायरांचा वास, तापलेल्या पत्र्याची मधूनच होणारी टक् टक्, आणि समोर ते कुत्रं. म्हातारं होतं. डोळ्यांत पाणी, अंगावर खवडे. त्याने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि टायरांच्या सावलीत झोपून गेलं. पण सात वर्षांच्या पोराला ते कळलं नाही. त्याला वाटलं, हालचाल झाली की ते उठेल. म्हणून तो हलला नाही. मग वाटलं, श्वासाचा आवाज झाला तरी उठेल. म्हणून त्याने श्वास धरायला सुरुवात केली. छाती फुटेपर्यंत धरायचा, तोंड उघडून हळूच सोडायचा, पुन्हा धरायचा. कधीतरी मधेच त्याच्या लक्षात आलं की कुत्रं घोरतंय. हसू येण्यासारखीच गोष्ट होती. कुत्र्याची भीती तिथल्या तिथे गेली, दादा सांगतो ते खोटं नव्हतं. पण श्वास काही सुटेना. आता भीती दाराची होती. बाहेर दादा होता, आणि तो केव्हा उघडेल, उघडल्यावर त्याचं तोंड कसं असेल, हे त्याला दिसत होतं. आणि दार उघडलं तेव्हा ते तसंच होतं, मागून ऊन येत असलेलं, आ वासून खदखदून हसणारं. दादाने त्याला उचललं, कडेवर घेतलं, थंड सरबत पाजलं. "शाबास रे भागूबाई," असं म्हणून पाठीत थाप घातली. ती पहिली थाप.

वडील गेल्यावर त्याला वाढवलं दादानेच. शाळेचे बूट दादाने आणले, परीक्षेच्या दिवशी सायकलवरून पोचवायला दादा, लग्न ठरवायला दादा. मैदानाची जागा मिळत नव्हती तेव्हा ओळखीपाळखी काढून सरकारी कचेऱ्यांत खेटे घातले तेही त्यानेच. या माणसाविरुद्ध बोलायला मास्तराकडे एक शब्द नव्हता. त्याने कधी शोधलाही नव्हता. उद्या मनीला डॉक्टरकडे न्यायचं, टेबलावर तिचं मोठं डोकं दोन्ही हातांत धरायचं, घरी यायचं आणि पुढच्या सुट्टीला दादाकडे जेवायला जायचं. तिथे गोष्टीला एक नवं शेपूट लागलेलं असेल. सगळे हसतील. सगळं सरळ होतं. फक्त ती आधी उठली होती.

सकाळी तो तिला मैदानावर घेऊन गेला आणि चोराला म्हणाला की आज कोट नको, बाही नको, नुसत्या सदऱ्यावर ये. मनीच्या तोंडाला जाळी बांधली. काल घरी काय झालं ते चोराला कळलं होतं. त्याने मास्तराच्या पाठीत थाप घातली. मनी बसून राहिली. मग गुद्दा घातला, कॉलर धरून हलवलं, कानाशी तोंड नेऊन आरडाओरडा केला. मनीने दूर झाडावरच्या कावळ्याकडे पाहिलं. चोर दमून थांबला. म्हणाला, "मास्तर, ही तर शहाण्यासारखी बसलीय. भाऊ नेमकं काय म्हणाले होते तेव्हा?" मास्तराने सांगितलं. चोराला जरा संकोच वाटला. आधी त्याने तो शब्द मनीलाच म्हणून पाहिला, वाकून, लाडात: "भागूबाई." मनीने शेपूट हलवलं. मग त्याने भिंतीला म्हणून पाहिला. काही नाही. मग तो मास्तरापुढे येऊन उभा राहिला, तोंड उघडून दादासारखं मोठ्याने हसला आणि म्हणाला, "काय रे भागूबाई." मास्तरही हसला, त्याला खरंच हसू आलं होतं. आणि मनी उभी राहिली. मागच्या पायांवर भार, मान पुढे, तोंड बंद. दोरी ताणली गेली.

चोर हळूच मागे सरला आणि हात खाली सोडून उभा राहिला.

"श्वास थांबवलात तुम्ही," चोर म्हणाला.

"कधी?"

"आत्ता. नेहमीच थांबवता. 'धर' म्हणायच्या आधी छाती अशी गच्च होते तुमची. कुत्रं तेव्हाच सुटतं, शब्द मागून येतो. तुमच्या शब्दावर बाही पुढे केली असती ना मास्तर, तर मला हात राहिला नसता. मी तुमच्या छातीकडे बघून उभा असतो."

मास्तराने विचारलं की इतकी वर्षं हे मला का सांगितलं नाहीस. चोर अगदी निरागसपणे म्हणाला की मला वाटलं ती तुमची युक्ती आहे, धंद्यातली. असल्या गोष्टी कोणी विचारतं का? मास्तर दोरी हातात घेऊन मैदानाच्या कडेच्या बाकावर जाऊन बसला. दोरीतून सगळं कुत्र्यापर्यंत पोचतं, हात सैल ठेवा, मन थाऱ्यावर ठेवा, हे तो गिऱ्हाइकांना इतक्यांदा बजावत आला होता की झोपेतही म्हणू शकला असता. आणि त्याच्या हाताखालून गेलेलं प्रत्येक कुत्रं त्याने, स्वतःला पत्ता न लागू देता, एका सात वर्षांच्या पोराच्या श्वासावर शिकवलं होतं. शब्द नुसता वरवरचा. म्हणून तर ती सगळी ऐन वेळेला उभी राहत होती. तळघरातल्या त्या बाईची दातखीळ बसली तेव्हा तिने दुसरं काय केलं असेल? भ्यालेलं माणूस काय करतं?

पण त्याला भिववणारं काही वेगळंच होतं, आणि ते तो तसा टाळत होता. पत्र्याच्या खोलीत त्याने श्वास धरला तो भीतीने. मैदानावर चोराला तो भीत नव्हता. तिथे छाती गच्च व्हायची ती कुत्रं सोडायचं म्हणून, समोरच्याला आता धरायचं म्हणून. काल टेबलावर यांतलं कुठलं होतं? दादाची भीती आता कुठली. दादाला गुडघे धरून जिना चढावा लागतो. मास्तराने कालची दुपार पुन्हा डोळ्यांपुढे आणली. दादा रंगात येऊन सांगत होता. त्याचं उघडं तोंड, हलणारा गळा, मनगटावरचं घड्याळ. चड्डी ओली केल्याचा भाग आला आणि समोर बसलेल्या दादाच्या नातीने आपल्या धाकट्या आजोबांकडे पाहिलं, नवल वाटून, आणि फिसकन हसली. तिथे. त्याच जागी श्वास थांबला होता. आणि मग आणखी एक गोष्ट त्याला आठवली, जी बायकोनेही पाहिली नव्हती आणि वहिनीनेही. मनीने हात धरल्यावर 'सोड' म्हणायला त्याला लागायला हवा होता त्याहून जास्त वेळ लागला होता. घाबरून नव्हे. दादाच्या तोंडावर हसू नव्हतं. जन्मात पहिल्यांदा ते तोंड त्याला हसण्याशिवाय दिसत होतं, आणि तो ते पाहत बसला होता. मनाला बरं वाटत होतं. हे आठवताच त्याला स्वतःची शिसारी आली आणि त्याने मनीच्या मानेत तोंड खुपसलं.

औषधाच्या दुकानाच्या बाई नेहमीप्रमाणे आल्या. त्यांना फोन करून येऊ नका सांगायला हवं होतं, ते राहूनच गेलं होतं. आल्या आल्या त्यांनी मनीच्या कानामागे खाजवलं आणि तोंडाला जाळी कशाला म्हणून विचारलं. मास्तराने कसंबसं सांगितलं की काल घरी तिने एकाचा हात धरला, हुकमाशिवाय, आणि आता ती तुम्हाला देता येणार नाही. बाई खाली बसल्या. रडल्या वगैरे नाहीत. म्हणाल्या की काल तो फुटपाथ ओलांडून अलीकडे आला होता. काचेला हात लावून उभा होता. "मी हाक मारणार होते शेजारच्याला. आवाजच निघाला नाही. माझ्या गळ्यातून त्याच्यासमोर कधीच आवाज निघत नाही, मास्तर." हे सांगताना त्यांना तो दिसत असावा, कारण त्यांची छाती वर आली आणि तिथेच राहिली. मनी उठली आणि त्यांच्या गुडघ्यांपुढे जाऊन मैदानाच्या रिकाम्या फाटकाकडे तोंड करून उभी राहिली. बाई दचकल्या. "मी काही म्हटलंच नाही तिला," त्या म्हणाल्या. मास्तराने चोराकडे पाहिलं. चोर दुसरीकडे बघत होता.

डॉक्टरची वेळ दुपारची होती. मास्तराने मनीला गाडीत घेतलं, गाडी डॉक्टरच्या गल्लीपर्यंत नेली, वळणावर थांबला आणि मग दादाच्या घराकडे वळवली. मनीत दोष नव्हता. दोष सांगायचा तर तो कुठे आहे हेही सांगावं लागणार होतं, आणि सांगितलं नाही तर ती जाणार होती, त्याचा अंगठा चाटत. मधला रस्ता त्याने खूप शोधला. ती आजारी होती म्हणावं, चोराची चूक म्हणावं, बाईंना गुपचूप देऊन टाकावी आणि घरी सांगावं की काम झालं. यांतलं काहीही करता आलं असतं. पण दादाची गोष्ट मग तशीच चालू राहिली असती, आणि तो प्रत्येक वेळी हसत, छाती गच्च करून बसला असता, पायाशी दुसरं एखादं कुत्रं घेऊन. गाडी त्याने सावलीत लावली आणि काचा खाली केल्या.

दादा हात गळ्यात अडकवून कोचावर बसला होता. शेजारचे कोणी भेटायला आले होते ते उठून जातच होते; त्यांच्या तोंडावर नुकत्याच ऐकलेल्या गोष्टीचं हसू होतं. वहिनीने चहा ठेवते म्हणून सांगितलं. दादाने विचारलं, "झालं काम?"

"नाही. खाली गाडीत आहे." मास्तर उभाच राहिला. "दादा, तिची चूक नाही. मी सोडली तिला."

दादा हसला. "तू? तू तर आमच्याबरोबर खिदळत होतास."

"खिदळत होतो. आणि सोडली."

मग त्याने सगळं सांगितलं. श्वासाचं, चोराचं, मनी आधी उठल्याचं. आपण मैदानावर एखाद्या नव्या गिऱ्हाइकाला समजावतोय अशा सुरात तो बोलत होता, आणि तो सूर त्याला सोडता येत नव्हता. 'सोड' म्हणायला वेळ लागल्याचंही त्याने सांगितलं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली होती. "भावजी, हे काय बोलताय?" ती म्हणाली. दादाने बऱ्या हाताने तिला गप्प केलं. त्याचं हसू एकदम गेलं नव्हतं, ओठांवर थोडं राहिलं होतं, पण ते आता त्याच्या कामाचं नव्हतं.

"म्हणजे तुझ्या मनात होतं."

मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायला तो तोंड उघडणार होता. ते खरंही होतं. "हो," तो म्हणाला.

"मी तुझं काय वाकडं केलं रे?" दादाने विचारलं. रागाने नाही, त्याला खरंच हवं होतं उत्तर. मास्तराला बूट आठवले, सायकल आठवली, कचेऱ्यांतल्या रांगा आठवल्या. ते सगळं बाजूला सारल्यावर हातात फारच थोडं उरत होतं, आणि तेवढंच त्याने सांगितलं.

"पत्र्याच्या खोलीचं दार उघडलंस तेव्हा तू हसत होतास."

दादाने खिडकीकडे तोंड वळवलं. बोलला तेव्हा त्याचा आवाज गोष्ट सांगतानाचा नव्हता. "मी दाराला पाठ लावून बसलो होतो. सगळा वेळ. तू रडलास की लगेच उघडायचं, असं ठरवलं होतं. तू रडलाच नाहीस. हूं नाही की चूं नाही. आधी वाटलं, वा, शूर झाला. मग वाटलं, कुत्र्याने गळा धरला असेल, म्हणून आवाज नाही. मग कडी काढायचा धीरच होईना मला. मी तरी केवढा होतो रे. उघडलं तर तू कोपऱ्यात, धडधाकट. हसू नको तर काय करू?"

मास्तर त्याच्या छातीकडे पाहत होता. चोर पाहतो तसं. त्याला काही समजलं नाही. हे खरं असेल. किंवा दादाने आत्ता रचलेलं असेल. गोष्ट रचायला दादाला कधी वेळ लागत नसे. पण हा भाग त्याने इतक्या वर्षांत कुठल्याच लग्नात सांगितला नव्हता, आणि एवढ्याने मास्तराच्या डोळ्यांत पाणी आलं. ऐकून छाती सैल होईल असं त्याला वाटलं होतं. ती झाली नाही.

"ने तिला," दादा म्हणाला. "दे त्या बाईला. मी काही म्हणत नाही."

तो निघाला तेव्हा दादा गुडघ्यावर हात टेकून उठला आणि नेहमीप्रमाणे दारापर्यंत पोचवायला आला. उंबऱ्याशी त्याचा बरा हात वर आला, सवयीने. मास्तराने, तोही सवयीनेच, पाठ थोडी वाकवली. हात अधांतरी थांबला. दादाने एकदा धाकट्याच्या छातीकडे पाहिलं, मग रिकाम्या जिन्याकडे, आणि हात खाली आणून दाराच्या कडीवर ठेवला. "सांभाळून जा," तो म्हणाला, आणि त्याने त्याला नावाने हाक मारली, त्याच्या खऱ्या, शाळेतल्या नावाने. भागूबाईशिवाय दुसरं काही दादाच्या तोंडून त्याने लहानपणापासून ऐकलं नव्हतं. ते नाव दुसऱ्याच कोणाचं तरी वाटलं. मग दार लागलं आणि आतून कडी सरकली.

खाली गाडीत मनी वाट पाहत होती आणि संध्याकाळच्या आत तिला दुकानावर पोचवायचं होतं. मास्तर तरी जिन्यात उभाच राहिला. आता दादा हसेल, वहिनीला काहीतरी गमतीचं सांगेल, असं त्याला वाटत होतं. ते नाही तर निदान पावलं वाजतील, कोच कुरकुरेल. तो दाराला कान लावून उभा राहिला. आतून रडण्याचा आवाज आला असता तर त्याने लगेच दार वाजवलं असतं. आतून हूं नाही की चूं नाही.